बोलते भरभरून, लिहिते दोन-तीन ओळी

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमात तिसरीत शिकते. रात्री आजीजवळ झोपली की स्वतः रचलेल्या गोष्टी अर्धा-अर्धा तास सांगते. वही पुढे ठेवली की मात्र 'एक मांजर होती. ती घरात आली. तिने दूध प्यायले.' एवढंच लिहून 'झालं' म्हणते. शाळेत मुद्द्यांवरून गोष्ट लिहायची होती, त्यात गुण कमी पडले. तेव्हापासून मी रोज एक पान लिहून घेते, चुका लाल पेनाने दाखवते. इंटरनेटवरच्या काही गोष्टी पाठही करून घेतल्या. आता वही काढली की रडारड सुरू होते. सासूबाई घरात अहिराणी बोलतात, त्यामुळे तिची भाषा बिघडते का? आणि धाकटा पहिलीत आहे, त्यालाही आत्तापासून बसवावं का? – एक आई, चाळीसगाव

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती आजीजवळच्या त्या अर्ध्या तासाची आहे. एवढा वेळ गोष्ट रचून सांगणाऱ्या मुलीला 'सुचत नाही' असं म्हणता येणार नाही. तिला भरपूर सुचतं, पण ते कागदावर उतरता उतरता हरवतं. ते का हरवतं, हे आधी पाहू.

तिसरीतलं मूल एक वाक्य लिहिताना एकाच वेळी काय काय सांभाळत असतं? वाक्य डोक्यात धरून ठेवायचं, शब्द अक्षरांत फोडायचा, 'स्वयंपाकघर'मधला स्व कसा काढायचा ते आठवायचं, वेलांटी पहिली की दुसरी ते ठरवायचं, अक्षर रेघेवर बसवायचं. एवढं होईपर्यंत पुढचं वाक्य निसटून गेलेलं असतं. यावर मुलं आपली आपण युक्ती काढतात : लिहायला अवघड शब्द सरळ टाळायचा. स्वयंपाकघराचं नुसतं 'घर' होतं. तुमच्या लेकीच्या तीन ओळी पुन्हा वाचा. त्यांत एकच जोडाक्षर आहे, 'प्यायले'मधलं. हा योगायोग वाटत नाही. लाल पेन सुरू झाल्यावर मुलं असे शब्द आणखी कसोशीने टाळतात, कारण न लिहिलेल्या शब्दाला लाल रेघ बसत नाही.

एक मोजणी घरी करून बघा. तिच्या पाठ्यपुस्तकातला ओळखीचा उतारा तिला ३ मिनिटं बघून लिहायला द्या आणि शब्द मोजा. समजा १५ झाले, तर मिनिटाला ५ शब्द झाले. नेहमीच्या एकरेघी वहीच्या पानावर २२ ओळी आणि ओळीत ६ शब्द धरले तर १३२ शब्द होतात. म्हणजे नुसतं बघून उतरवायलाच तिला २५ मिनिटांहून जास्त लागतील. मनाने रचत लिहायचं तर त्याहून बराच वेळ जाईल. रोज एक पान हे शाळेचा गृहपाठ आटोपून आलेल्या आठ वर्षांच्या हाताला झेपणारं काम नाही. तेव्हा रोजचं पान आजपासून बंद करा. पाठांतरही थांबवा. परीक्षेत मुद्दे वेगळे आले की पाठ केलेली गोष्ट उपयोगी पडत नाही, आणि गोष्ट ही दुसऱ्याची असते, आपण फक्त उतरवायची असते, असं मुलाच्या मनात पक्कं बसतं.

त्याऐवजी आठवड्यातून ३ दिवस, २० मिनिटं ठरवा. त्यातली साधारण ८ मिनिटं बोलणं, ८ मिनिटं लिहिणं आणि ४ मिनिटं मोठ्याने वाचून दाखवणं. गृहपाठानंतर लगेच बसवू नका, हात थकलेला असतो. खेळून आल्यावर किंवा रविवारी सकाळी बसलात तर बरं. लिहिण्याची ८ मिनिटं संपली की गोष्ट अर्धी असली तरी थांबा. पुढे काय होणार हे तिला माहीत असताना थांबलं तर पुढच्या वेळी सुरुवात सोपी जाते. अगदी दमेपर्यंत लिहून घेतलं, तर पुढच्या वेळी तो दमवणारा भागच आठवतो.

पहिले दोन आठवडे तिने स्वतः गोष्ट लिहायचीच नाही. तिने सांगायचं, तुम्ही लिहायचं. आजीला सांगते तेव्हा तिला कल्पना देऊन मोबाइलचा रेकॉर्डर लावून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्यातली आठ-दहा वाक्यं तिच्यासमोर कागदावर उतरवा. (बोललेलं आपोआप टाइप करणारी सोय इथे नको. घरगुती शब्दांच्या जागी ती भलतेच शब्द टाकते आणि मुलीचं सगळं लक्ष फोनकडे जातं.) उतरवताना तिचे शब्द जसेच्या तसे ठेवा. 'मग ती गेली मग तिने बघितलं मग ती परत आली' असं म्हणाली तर तिन्ही 'मग' लिहा. ही पायरी इथेच फसते. मोठ्या माणसाचा हात आपोआप सुधारायला जातो, 'मांजर पळाली'चं 'मांजर चपळाईने पळाली' करतो. मुलीच्या ते लगेच लक्षात येतं आणि आपलं वाक्य पुरेसं चांगलं नव्हतं, असा अर्थ ती काढते. लिहून झालं की शब्दाखाली बोट फिरवत तिला वाचून दाखवा. इतके 'मग' ऐकून बहुतेक मुलं स्वतःच हसतात. तेव्हा पेन्सिल तिच्या हातात द्या, नको असलेले 'मग' तिलाच खोडू द्या. गोष्ट दुरुस्त करायची असते हे तिला असं कळू द्या, लाल रेघ न बघता.

तिसऱ्या आठवड्यापासून काम वाटून घ्या. पहिलं वाक्य, अडचण येते ते वाक्य आणि शेवटचं वाक्य अशी तीन वाक्यं ती लिहील, बाकीची तिने सांगायची आणि तुम्ही लिहायची. मग दर आठवड्याला आणखी दोन वाक्यं तिच्याकडे सरकवा. साधारण आठव्या आठवड्यात दहा-बारा वाक्यांची गोष्ट तिच्या हातची होते. एखाद्या आठवड्यात कुरकुर वाढली तर दोन वाक्यं परत तुमच्याकडे घ्या, त्याने काही बिघडत नाही.

आता गोष्टीची बांधणी. ए-फोर कागद दोनदा दुमडून उलगडला की चार चौकोन मिळतात. पहिल्यात कोण आणि कुठे, दुसऱ्यात त्याला काय हवंय, तिसऱ्यात काय अडलं, चौथ्यात त्याने काय केलं. प्रत्येक चौकोनात काड्यांच्या माणसासारखं कसंही चित्र आणि खाली एक वाक्य. चित्र रंगवायला बसू देऊ नका, २० मिनिटं त्यातच जातील. नंतर प्रत्येक चौकोनाची दोन-तीन वाक्यं वहीत होतात.

तिचीच मांजर घेऊ. 'आणखी लिही' असं म्हटलं तर मुलीला काहीच कळत नाही, कारण काय आणखी, हे सांगितलेलं नसतं. प्रश्न असे विचारा :

'दूध कुठे होतं?'
'ओट्यावर, पातेल्यात.'
'मग मांजरीला ते लगेच का नाही मिळालं?'
'आजीनं झाकण ठेवलं होतं. आणि झाकणावर वरवंटा.'
'तिने आधी काय करून पाहिलं?'
'पंजानं ढकललं. हललंच नाही. मग डोकं लावलं.'
'आणि?'
'वरवंटा धप्पकन खाली पडला. आजी उठली!'

वरवंट्याची गोष्ट मिळाली. या चार प्रश्नांत 'मांजर दिसायला कशी होती' हा प्रश्न नाही, तो मुद्दाम टाळला आहे. रंग कसा, डोळे कसे, शेपूट केवढी असं विचारलं की मुलं 'माझा आवडता प्राणी' हा निबंध लिहू लागतात, कारण शाळेत त्याचा सराव झालेला असतो. निबंधात वर्णन पुढे सरकतं. गोष्टीला मात्र कुणाला तरी काहीतरी हवं असणं आणि ते सहजासहजी न मिळणं लागतं. हे दोन धागे नसले की उठला, दात घासले, शाळेत गेला, घरी आला अशी दिनचर्या तयार होते. वाक्यं बरीच होतात, पण ऐकणाऱ्याला पुढे काय झालं हे विचारावंसं वाटत नाही.

चारांतला सगळ्यात कामाचा प्रश्न 'तिने आधी काय करून पाहिलं' हा. एकदा फसलेला प्रयत्न गोष्टीत आला की ती लांबते आणि रंगतेही. तिसरीला एक फसलेला प्रयत्न पुरे, चौथी-पाचवीत दोन चालतात. त्याहून जास्त झाले की शेवटाकडे पोचेपर्यंत मूल कंटाळतं.

'धप्पकन'सारखे शब्दही धरून ठेवा. खळ्ळकन, चटकन, टपटप, सळसळ, भसाभसा हे शब्द मुलं बोलताना सर्रास वापरतात आणि लिहिताना गाळतात, कारण ते 'वहीतले' वाटत नाहीत. बोलताना असा शब्द आला की वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवा. 'सुंदर', 'छान', 'खूप' या विशेषणांपेक्षा असा एक शब्द वाक्याला जास्त जिवंत करतो.

शेवट हे मुलांचं नेहमीचं अडणारं ठिकाण. तेवढ्यात त्याला जाग आली आणि ते स्वप्न होतं. किंवा परी आली आणि तिने सगळं ठीक केलं. हा आळस नाही. अडचण मोठी करून ठेवली, बाहेर पडायची वाट मात्र ठेवली नाही, म्हणून मूल वरून मदत मागवतं. त्यावर एक नियम द्या : सुटका पहिल्या चौकोनात असलेल्या वस्तूनेच व्हायला हवी. मांजर खिडकीतून पळणार असेल तर खिडकी उघडी आहे हे पहिल्या चौकोनात हवं. नसेल तर मागे जाऊन घालायचं. मागे जाऊन घालता येतं हे बऱ्याच मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. लिहिलेलं पान म्हणजे पूर्ण झालेलं पान, असं ती धरून चालतात.

म्हणून वहीची मांडणीही तशी हवी. एकरेघी १०० पानी वही घ्या. एक ओळ सोडून लिहायचं, आणि फक्त उजव्या पानावर. डावं पान मागाहून सुचलेल्या वाक्यांसाठी मोकळं ठेवायचं. वाक्य कुठे जायचं ते बाणाने दाखवायचं. खोडरबर या २० मिनिटांत बाजूला राहू दे. नको असलेल्या शब्दावर एक आडवी रेघ मारली की झालं. रबर हातात असलं की मूल तीन शब्द लिहितं, दोन खोडतं, कागद काळा होतो आणि वेळ संपतो. अवघड शब्द आला तर ऐकू येतो तसा लिहायचा, त्याखाली टिंबांची रेघ मारायची आणि पुढे जायचं. 'स्वयंपाकघर'ऐवजी 'सयपाकघर' लिहिलं तरी आत्ता चालेल. तो शब्द गोष्टीत आला हे महत्त्वाचं.

विषय दर वेळी तुम्ही सुचवू नका. रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या ठेवा, तीन रंगांच्या कागदांवर प्रत्येकी १२. एका रंगावर 'कोण' : एसटीचा कंडक्टर, हरवलेला डावा बूट, आजोबांची काठी, भित्रा कोंबडा. दुसऱ्यावर 'कुठे' : गच्चीवर, आठवडी बाजारात, पुलाखाली, केळीच्या बागेत. तिसऱ्यावर 'काय अडलं' : दार आतून लागलं, सुटे पैसे नाहीत, आवाजच फुटेना, पाऊस थांबेना. पहिल्या वेळी 'कोण' आणि 'कुठे' अशा दोनच चिठ्ठ्या काढू द्या. अडचण ती स्वतः शोधेल. सापडली नाही तरच तिसरी काढायची. चिठ्ठ्यांवर डोळ्यांसमोर येणाऱ्या वस्तू आणि जागाच हव्यात. 'प्रामाणिकपणा', 'मैत्री', 'पर्यावरण' अशा चिठ्ठ्या घातल्या की गोष्टीचं भाषण होतं. निम्म्या चिठ्ठ्या तिलाच लिहायला लावा, त्यातही लिहिणं होतंच.

वाचून दाखवण्याची चार मिनिटं कधीच गाळू नका. तिने मोठ्याने वाचायचं, तुम्ही आणि आजींनी ऐकायचं. नंतर 'छान' एवढंच म्हणून थांबू नका, त्यातून तिला काही कळत नाही. 'वरवंटा पडला तिथे मला वाटलं आता मांजर सापडणार,' असं नेमकं ठिकाण सांगा. मग एकच प्रश्न विचारा, जिथे तुम्हाला खरंच कळलं नाही तिथला. पाच प्रश्न विचारलेत तर ती उलटतपासणी होते.

शुद्धलेखन त्याच दिवशी नको, दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं. एका वेळी तीन शब्द, तेही तिला वारंवार लागणारे. बहुतेक वह्यांत 'आणी' सापडतं, आणि त्यात मुलांचा दोष कमीच. मराठी शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी दीर्घ असते, हा नियम त्यांनी नकळत उचललेला असतो; 'आणि' नि 'नि' हे त्याला अपवाद आहेत. हे एकदा समजावून सांगा आणि पुढचे दोन आठवडे तेवढंच बघा. टिंबांची रेघ मारलेल्या शब्दांतला एखादा नीट लिहून दाखवा. लाल पेन नको, पेन्सिलच वापरा.

सासूबाईंच्या अहिराणीने भाषा बिघडत नाही, उलट या मुलीची गोष्ट तिथेच पिकते आहे. अडचण होते ती दोन भाषा कुठे वापरायच्या हे न कळल्यामुळे. त्यावर सोपी वाटणी करा : गोष्ट सांगणारा पुस्तकातल्यासारखी भाषा लिहील, पात्रं मात्र घरात बोलतात तशी बोलतील. 'अंधारात आवाज झाला. आजी ओरडली, "कोन शे रे तठे?"' हे वाक्य 'कोण आहे रे तिकडे?'पेक्षा सरस आहे, कारण त्यात त्या आजी ऐकू येतात. तिथे प्रमाण भाषेची दुरुस्ती करू नका. दुहेरी अवतरण चिन्ह कुठे उघडायचं, कुठे बंद करायचं, हेही अशा एका वाक्यावरून पटकन शिकता येतं. निवेदनात चुकून 'शे' आलं तर तेवढं 'आहे' करायला सांगा.

मुद्द्यांवरून गोष्ट हे शाळेतलं प्रकरण आता सोपं जाईल. 'म्हातारा शेतकरी – चार मुलगे – रोजची भांडणं – काठ्यांची मोळी – एकजूट' असे मुद्दे आले की बहुतेक मुलं प्रत्येक मुद्द्याचं एकेक वाक्य करतात आणि पाच ओळींत मोकळी होतात. तिला विचारा, यातली अडचण कुठल्या मुद्द्यात आहे आणि प्रयत्न कुठल्या? भांडणं ही अडचण, मोळी हा प्रयत्न. या दोन मुद्द्यांना प्रत्येकी तीन-चार वाक्यं, बाकीच्यांना एकेक. भांडण कशावरून झालं, मोळी मोडताना थोरल्याने काय केलं, तो काय म्हणाला, एवढं विचारलं की वाक्यं आपोआप येतात. शीर्षक आणि तात्पर्य मागितलं असेल तर ते शेवटी लिहायचं, आणि फक्त शाळेच्या गोष्टीत. घरच्या गोष्टींना तात्पर्य मागू नका. ते आधी मनात धरलं की पात्रं शहाण्यासारखी वागायला लागतात आणि कुणाचंच काही अडत नाही.

वाचनाबद्दल थोडक्यात. लिहिण्याच्या दिवसांखेरीज उरलेल्या दिवशी तिला वाचून दाखवा, ती स्वतः वाचू शकत असली तरीही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं विनामूल्य आहेत. त्यातलं एखादं पुस्तक उघडून मजकूर कागदाने झाका आणि चित्रांवरून तिला गोष्ट सांगू द्या, मग झाकलेलं वाचा. दोन्ही गोष्टी वेगळ्या निघाल्या की कोणती बरोबर हे ठरवत बसू नका.

दोन-अडीच महिने असं करूनही तिला स्वतःचं लिहिलेलं स्वतःला वाचता येत नसेल, फळ्यावरचं किंवा पुस्तकातलं उतरवतानाही अक्षरं गळत असतील, काही ओळींतच बोटं दुखत असतील, तर आधी डोळे तपासून घ्या आणि वर्गशिक्षिकांशी बोला. गरज वाटली तर लेखनातल्या अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही लिहिणं शिकताना कायम येणाऱ्या अडचणीची, तपासणी करून घेता येते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे निदान झालं तर शाळेकडे सवलतींसाठी रीतसर अर्ज करता येतो. तोंडी उत्तम सांगणारी बरीच मुलं नुसत्या सरावाने मार्गी लागतात, म्हणून आत्ताच त्या काळजीत पडू नका.

धाकट्याला वही घेऊन बसवू नका. पहिलीत अक्षरं नुकती बसत असतात. त्याने चित्र काढावं आणि त्याबद्दल सांगावं, एवढं पुरे. ते सांगणं लिहून घ्यायचं काम मात्र त्याच्या ताईला, म्हणजे तुमच्या लेकीला द्या, पाच-सहा वाक्यं, आठवड्यातून एकदा. तिथे तिला काही सुचवायचं नसतं, फक्त ऐकलेलं उतरवायचं असतं, त्यामुळे हाताचा वेग वाढतो. आणि भाऊ मध्येच थांबला की 'मग त्याने काय केलं?' हा प्रश्न तीच विचारू लागते.